ऐकून घेणे

दिवाळीच्या दिवसांत आमच्या परभणीत फराळाची ताटे जितकी फिरतात, तितकी वर्षभरात दुसरी कोणतीही वस्तू फिरत नसेल. रुमाल झाकलेले एक ताट शेजारून आपल्याकडे येते, आपल्याकडचे एक शेजारी जाते. हिशेबाने पाहिले तर दोन्ही घरांत चकली, शेव, करंजी आणि चिवडा हेच असते. मग ही देवघेव कशासाठी? याचे उत्तर ताट घेऊन आलेल्या मुलीच्या तोंडावर वाचावे. ताट ठेवून ती लगेच परत फिरत नाही, उंबरठ्याशी घुटमळते. चकली मोडल्याचा आवाज तिला ऐकावयाचा असतो आणि त्यामागून येणारा "छान झाल्यात हं, आईला सांग" हा निरोप घरी न्यावयाचा असतो. चकली तेल प्यालेली असो की दातांची परीक्षा पाहणारी असो, निरोप ठरलेला. "यंदा भाजणी बिघडली" असा निरोप कोणी उलट पाठविल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

याला कोणी खोटे बोलणे म्हणत नाही; मीही म्हणणार नाही. परंतु चकलीला जो न्याय लागतो तो माणसाच्या सगळ्याच आवडींना लावावा काय, हा प्रश्न गेली काही वर्षे माझा पिच्छा पुरवीत आहे. मौज अशी, की तो फराळातून निघाला नाही. तो निघाला ग्रामोफोनच्या रेकॉर्डमधून.

आमची एक बैठक आहे. दर गुरुवारी संध्याकाळी वकीलसाहेबांच्या माडीवर चारपाच डोकी जमतात. प्रत्येकाने त्या आठवड्यात जी रेकॉर्ड घरी मन लावून ऐकली असेल ती आणावयाची आणि तिची एक बाजू इतरांना ऐकवावयाची. वाजत असताना कोणी बोलावयाचे नाही, एवढाच नियम. वकीलसाहेबांचा कल शास्त्रोक्त गाण्याकडे. अब्दुल करीम खाँसाहेब आणि बालगंधर्व यांच्यापलीकडे जगात फारसे काही घडले आहे हे त्यांना मनातून मान्य नाही. मास्तर भावगीतांचे. माझे कशावरच विशेष प्रेम नाही. जुन्या बाजारात जे हाती लागेल ते मी आणतो. कृषी विद्यापीठात शिकणारा माझा एक पुतण्या अधूनमधून येई. तो इंग्रजी रॉकचा भक्त. आणि पूर्णेहून गाडीने येत ते गार्डसाहेब.

गार्डसाहेबांची सारी नोकरी रेल्वेत गेली. उमेदीच्या वर्षांत ते सिकंदराबादला होते. तेथल्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये वाजणारा बँड ऐकून त्यांना जॅझची गोडी लागली आणि ती पुढे पूर्णा जंक्शनच्या धुरातही टिकली. निवृत्त झाल्यावर ते पूर्णेलाच राहिले. गुरुवारी कापडी थैलीत, धोतराच्या जुन्या पानात गुंडाळलेली एक रेकॉर्ड घेऊन ते माडीचा जिना चढत. "वकीलसाहेब, हे परक्यांचं नाही बरं का," असे ते पहिल्या दिवशी म्हणाले होते. "तुम्ही 'अलबेला' किती वेळा पाहिला?" वकीलसाहेबांना तो आकडा सांगण्याची लाज वाटली. १९५१ सालच्या त्या चित्रपटाचे संगीत आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचे, आणि त्यात तुतारी फुंकणारा चिक चॉकलेट हा गोव्याचा, अंतोनियो झेवियर वाझ नावाचा, मुंबईच्या हॉटेलांतून जॅझ वाजवून नावाजलेला माणूस. त्याचा बँड तर पडद्यावरही दिसतो. तेव्हा ज्या वाद्यांवर आपले वडीलधारे थिएटरात ठेका धरीत होते, त्यांचे माहेर ऐकावयास हरकत काय, असा गार्डसाहेबांचा युक्तिवाद होता. वकिलाला युक्तिवादाने जिंकणे ही साधी गोष्ट नव्हे.

एक बाजू म्हणजे किती, यावर आरंभी थोडे भांडण झाले. जुन्या लाखेच्या, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या रेकॉर्डची एक बाजू तीनसाडेतीन मिनिटांत संपते. १९४८ साली अमेरिकेत लाँग प्ले रेकॉर्ड निघाली तिची एक बाजू वीसवीस मिनिटे चालते. म्हणजे खाँसाहेबांना साडेतीन मिनिटे आणि अमेरिकन मंडळींना वीस! वकीलसाहेबांनी भरपाई मागितली. त्यांना पाच रेकॉर्डची परवानगी मिळाली. पुतण्याने एकदा पिंक फ्लॉइड या मंडळींची १९७३ सालची 'द डार्क साइड ऑफ द मून' लावली. तीत मध्येच शेदोनशे घड्याळे एकदम ठणाणा करावीत तसा आवाज होतो. चहा घेऊन वर येत असलेल्या वहिनी जिन्यातच थांबल्या आणि म्हणाल्या, "माडीवर घड्याळजी बसवलाय का?" त्या दिवसापासून रॉकला आमच्या बैठकीत 'घड्याळजी' हेच नाव पडले.

असे वर्षानुवर्षे सुखाने चालले होते. मग एक गोष्ट घडली.

गार्डसाहेबांनी एका गुरुवारी माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' ही १९५९ सालची रेकॉर्ड लावली. तीत भराभर बदलणाऱ्या सुरावटींची नेहमीची धावपळ टाळून, थोडेच स्वरसमूह घेऊन त्यांत सावकाश हिंडण्याची रीत वादकांनी धरली आहे. आपल्याकडच्या कानाला ती जवळची वाटावी, अशी गार्डसाहेबांची आशा असावी. वकीलसाहेब डोळे मिटून बसले होते. बाजू संपताच "वा! क्या बात है!" म्हणाले. दोनतीन आठवड्यांनी गार्डसाहेबांनी वेगळ्याच वेष्टनातून एक रेकॉर्ड काढून लावली. वकीलसाहेबांनी पुन्हा डोळे मिटले. शेवटी म्हणाले, "मागच्या वेळेपेक्षा हे सरस."

गार्डसाहेबांनी रेकॉर्ड उचलली आणि काही न बोलता तिच्या मधला कागद वकीलसाहेबांपुढे धरला. तीच रेकॉर्ड, तीच बाजू होती. मग त्यांनी ती धोतराच्या पानात गुंडाळली, चहा पूर्ण प्यायला आणि रात्रीच्या गाडीने गेले. पुढच्या गुरुवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत.

वाचक म्हणतील, एवढ्याशा गोष्टीचे काय घेऊन बसलात! मीही तसेच म्हणून पाहिले; पण ते मनाला पटेना. वकीलसाहेबांनी आपली बाजू मांडली ती अशी : "हा माणूस दर आठवड्याला गाडीने येतो, लहान मूल आणावे तशी रेकॉर्ड आणतो. त्याला 'मला यातले काही कळत नाही' असे सांगू? मी दाद दिली ती रेकॉर्डला दिलीच नाही. माणसाला दिली." यात खोटे काय आहे, असे त्यांनी मला विचारले आणि मला चटकन उत्तर देता आले नाही. पूर्णेला जाऊन मी हे गार्डसाहेबांना सांगितले. ते हसले. "माणसाला चहा मिळत होता की," ते म्हणाले. "दाद रेकॉर्डला पाहिजे होती."

मास्तरांना मात्र या प्रकरणात आपला विजय दिसला. "मी पहिल्याच दिवशी सांगितले होते, की हा गोंगाट आहे. मी खरे बोललो, म्हणून माझ्यावर कोणी रुसले नाही." मास्तर खरे बोलले होते, यात शंका नाही. परंतु त्यांनी तो अभिप्राय दिला तेव्हा सुई रेकॉर्डवर टेकून अर्धे मिनिटही झाले नव्हते, हे मला आठवत होते. तेव्हापासून गार्डसाहेबांची पाळी आली की ते खिडकीशी जाऊन रस्त्यावरची रहदारी पाहत. एकाने न ऐकता वाहवा केली, दुसऱ्याने न ऐकता नापसंत केले. नीतीच्या पुस्तकात या दोघांना दोन टोकांना बसवतील. मला ते एकाच बाकावर बसलेले दिसतात. सौजन्य मोठे की सत्य मोठे, हा वाद येथे उगाच उभा केला जातो. सत्य बोलण्याचा अधिकार ऐकल्यानंतर मिळतो, आणि सौजन्यालाही आधी कान लागतात.

आपल्या भाषेने या व्यवहाराची क्रियापदे मोठ्या जाणत्या कानाने घडविली आहेत. 'ऐकविणे' याचे दोन अर्थ. गाणेही ऐकवितात आणि चारचौघांत एखाद्याला चांगलेच ऐकवितातही. जो ऐकवितो त्याच्या हातात थोडी सत्ता येते, हे भाषेने ओळखले आहे. ही सत्ता माडीवर असते तशी दिल्लीतही असते. १९५२ पासून दहा वर्षे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे आपल्यातलेच एक विद्वान गृहस्थ केंद्रात नभोवाणीमंत्री होते. देशाने चांगले संगीत ऐकावे या सद्धेतूने त्यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार केली. देशाने काय केले? काटा फिरवून रेडिओ सिलोन लावला. शेवटी १९५७ साली सरकारलाच विविध भारती काढावी लागली. केसकरांची अभिरुची उत्तम होती, आणि त्यांच्या काळात शास्त्रीय संगीताला नभोवाणीवर मोठे घर मिळाले, हेही खरे. पण ऐकविणाऱ्याने ऐकणाऱ्याला निवडीची जागाच ठेवली नाही, तर तो खुर्चीत बसूनही निघून जातो. आमचे मास्तर खिडकीशी जात तसा.

'ऐकणे' याचा दुसरा अर्थ आज्ञा पाळणे. पोर ऐकत नाही, म्हणतो आपण. आणि 'ऐकून घेणे' हा प्रयोग तर मला फारच मोलाचा वाटतो. यात ऐकणाऱ्याच्या पदरी काही पडते. पण त्याने होकार दिलाच पाहिजे असे नाही, किंवा आवडले असेही म्हणावयास नको. दुसऱ्याचे शेवटपर्यंत कानात येऊ द्यावयाचे, एवढेच. रेकॉर्ड आणणाऱ्याला आपण याहून अधिक काही देणे लागतो काय? माझे मत असे, की नाही. पण याहून कमी दिले तर ती फसवणूक ठरते.

येथे एक विचित्र गोष्ट लक्षात घ्यावी. गार्डसाहेब काही स्वतः तुतारी वाजवीत नव्हते. गायकाला दाद लागते हे समजते; मैफलीत ती पुढच्या तानेला बळ देते. रेकॉर्डमधला माइल्स डेव्हिस १९९१ सालीच वारला. त्याला परभणीच्या वाहवाचा काय उपयोग? तरीही रेकॉर्ड लावून बसलेला माणूस रेकॉर्डकडे पाहत नाही, आपल्या तोंडाकडे पाहतो. ज्यात आपण एक स्वरही घातलेला नाही, त्याच्या कौतुकाने आपण का फुलावे? याला कोणी अहंकार म्हणेल, आणि त्यात थोडा अहंकार असतोही. पण एकट्याने रात्री ऐकताना जे वाटले ते खरेच तेथे होते, की आपल्या मनाचा खेळ होता, याची खातरजमा दुसऱ्या कानावाचून होत नाही. मराठीत भावना होणे आणि वाटा करून देणे या दोहोंना 'वाटणे' हा एकच शब्द आहे, हा योगायोग असेल. मला मात्र तो सोयीचा योगायोग वाटतो. वकीलसाहेबांच्या खोट्या वाहवाने गार्डसाहेबांचे नुकसान झाले ते येथे. इतकी वर्षे आपल्याला साक्षीदार आहे असे ते समजत होते, आणि साक्षीदार डोळे मिटून दुसऱ्याच गावी गेलेला होता.

यावर दुसरी बाजू आहे. साक्षीदाराची गरजच नको, असे म्हणणारे लोकही होऊन गेले. उस्ताद अल्लादिया खाँनी आपला आवाज रेकॉर्डमध्ये उतरू दिला नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर या गोव्यातल्या केरी गावच्या. त्यांनी काही मोजक्या रेकॉर्ड दिल्या, पण आपले गाणे जपण्याच्या बाबतीत त्या अतिशय कडक होत्या. शिष्याही जवळजवळ एकच घडविली. वाटून टाकण्यापेक्षा राखून ठेवण्याकडे त्यांचा ओढा. आणि नियतीची गंमत पाहा! १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने सूर्यमालेबाहेर जाण्यासाठी सोडली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक रेकॉर्ड ठेवली, सोबत सुई दिली आणि वेष्टनावर ती कशी वाजवावी याच्या खुणा कोरल्या. पृथ्वीवरचे सत्तावीस संगीताचे तुकडे तीत आहेत. त्यांत लुई आर्मस्ट्राँगचे जॅझ आहे, चक बेरीचे रॉक आहे, आणि केसरबाईंची भैरवी आहे. म्हणजे आमच्या माडीवरची सगळी भांडणे त्या एका तबकडीत शेजारीशेजारी बसलेली! पहिले व्हॉयेजर ५ सप्टेंबरला सुटले; १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या.

"पाहा, आम्ही हे ऐकत असतो" असे याहून मोठ्याने कोणी कोणाला सांगितलेले नाही. आणि याहून कमी अपेक्षेनेही नाही. ते यान दुसऱ्या एखाद्या ताऱ्याच्या आसपास पोहोचावयास सुमारे ४०,००० वर्षे लागतील. उंबरठ्याशी घुटमळून निरोप नेणारे कोणी नाही. हे देणे शुद्ध खरे. परंतु खरे सांगावयाचे तर असे शुद्ध देणे मला थोडे गार वाटते. गार्डसाहेबांना असे यान सोडावयास सांगितले असते, तर त्यांनी आपली रात्रीची पॅसेंजरच पसंत केली असती.

अंतराळापर्यंत जाण्याची गरज नाही. आमच्या जिल्ह्यातले गंगाखेड हे जनाबाईचे गाव. तिच्यासोबत जाते ओढावयास प्रत्यक्ष विठ्ठल बसला, ही कथा घराघरांत माहीत आहे. मला त्या कथेत दळण्याइतकेच ऐकणे दिसते. पहाटेच्या अंधारात बाई ओवी म्हणते. घर झोपलेले असते, समोर फक्त दगड. कोणीतरी जागे आहे, समोर बसले आहे, ही कल्पना शेकडो वर्षे बायकांना पुरली. पुढे गिरण्या आल्या, जाती भिंतीला टेकली. तेव्हा हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या दोघांनी गावोगाव हिंडून त्या ओव्या टिपून घेतल्या. हजाराहून अधिक गावांतून जमलेल्या त्या ओव्यांची संख्या लाखाच्या वर आहे. आमच्या पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसचेही गाणे त्यांत आहे. त्या म्हाताऱ्यांना कोणी "वा" म्हटले असेल किंवा नसेल. समोर बसून "अजून आठवते का?" असे मात्र कोणीतरी विचारले. दाद आणि प्रश्न यांत हाच फरक आहे : दादेने गोष्ट संपते, प्रश्नाने पुढे चालते.

वकीलसाहेबांना हे मी सांगितले नाही. त्यांना ते त्यांच्या वाटेने सुचले. सहा गुरुवार गेल्यावर ते स्वतः पूर्णेला गेले. मी बरोबर होतो. क्षमा वगैरे मागितली नाही. कोर्टात ती सवय लागत नाही. म्हणाले, "गार्डसाहेब, मला यात सम सापडत नाही. जिथे सापडेल असे काही असेल तर लावा." गार्डसाहेबांनी थोडा विचार करून डेव्ह ब्रूबेकची 'टाइम आउट' काढली, तीही १९५९ चीच. ब्रूबेक त्याच्या आदल्या वर्षी हिंदुस्थानात येऊन गेला होता, आणि त्याच दौऱ्यात तुर्कस्तानात रस्त्यावरच्या वादकांकडून नऊ मात्रांची एक चाल त्याने ऐकून घेतली होती. ती या रेकॉर्डच्या आरंभीच आहे. वकीलसाहेबांची बोटे चालू लागली, अडली, पुन्हा चालली. मग पॉल डेस्मंडने रचलेले 'टेक फाइव्ह' लागले. वकीलसाहेब ताठ बसले. मांडीवर मोजू लागले. "पाच," ते म्हणाले. "तीन आणि दोन. अर्धा झपताल, पण उलटा!" नियम मोडला होता, पण कोणी बोलले नाही. मध्ये ड्रमवाला एकटा वाजवू लागतो तेव्हा पियानो खाली तेच तेच सूर धरून राहतो. वकीलसाहेबांनी माझ्या हातावर हात ठेवला. "अरे, हा तर लेहरा!"

बाजू संपली. आवडले, असे ते म्हणाले नाहीत. "पुन्हा लावा," म्हणाले. गार्डसाहेब सुई उचलावयास उठले तेव्हा त्यांची पाठ आमच्याकडे होती आणि ती बराच वेळ तशीच राहिली.

आता माझा पुतण्या पुण्याला असतो आणि फोनवर मला गाणी पाठवितो; एका दिवसात आठ आठ. मी अंगठा दाखवितो, की झाले. तो अंगठा उमटवावयास गाणे उघडावेही लागत नाही. खोटी दाद इतकी स्वस्त पूर्वी कधीच नव्हती. निदान डोळे मिटून वीस मिनिटे बसावे तरी लागे. हल्ली मी त्याला कळविले आहे, की आठवड्याला एकच पाठव, आणि ते तू का ऐकतोस ते दोन ओळींत लिही. गेल्या महिन्यात त्याने त्या घड्याळजींचेच एक पाठविले. मी तीनदा ऐकले आणि त्याला विचारले, की मध्ये ती बाई शब्दांवाचून इतका वेळ का गाते? त्याचे उत्तर चांगले पानभर आले.

गार्डसाहेब तीन वर्षांपूर्वी गेले. मुलाच्या घरी जागा नव्हती; त्याने दोन पत्र्याच्या पेट्या वकीलसाहेबांच्या माडीवर आणून ठेवल्या. वकीलसाहेब आता गुरुवारी आपल्या पाच रेकॉर्डऐवजी दोनच लावतात आणि मग त्या पेट्यांतली एक काढतात. क्रमाने, कोणतीही न वगळता. त्यांतल्या निम्म्या त्यांना आवडत नाहीत आणि तसे ते स्पष्ट सांगतात, पण बाजू संपल्यावर. मास्तर अलीकडे खिडकीशी कमी जातात. त्यांचे गुडघे दुखतात, हेही कारण असेल. 'काइंड ऑफ ब्लू'च्या पहिल्या बाजूवर एके ठिकाणी ओरखडा आहे, तेथे सुई अडकते. गार्डसाहेब ती बोटाच्या टोकाने अलगद पुढे ढकलीत, कळतही नसे. वकीलसाहेबांचा हात कापतो. दोन सूर जास्तच सुटतात.